पीएसआय व्हायचंय: बी.ए. रेग्युलर करावी की मुक्तमधून?

बारावीचा निकाल लागला की गावाकडून मला दरवर्षी फोन येतात. पोरगं पहाटे ग्राउंड मारतंय, पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) व्हायचं म्हणतंय, तर त्याला कॉलेजला घालायचं की मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा? मी दोन्हीकडे शिकलोय. पहिलं वर्ष रेग्युलर बी.ए. केलं, ते सोडून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि पदवी तिथूनच घेतली. या बदलात माझं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंग इथे धरत नाही. पीएसआयच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, पण प्रॅक्टिकल आणि जर्नलमधून संध्याकाळच्या ग्राउंडला वेळ काढणारे मी फार थोडे पाहिले. लॉची आवड असेल तर जरूर करा, मात्र ती पदवी घरबसल्या मिळत नाही, वर्गात बसावंच लागतं.

पालकांची पहिली शंका ठरलेली असते: मुक्तची पदवी चालते का? चालते. हे विद्यापीठ 1989 साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालंय आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची त्याला मान्यता आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, हेही आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पीएसआयची परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत मला एवढंच विचारलं, "कॉलेज का सोडलं?" मी खरं कारण सांगितलं आणि पुढचा प्रश्न जिल्ह्यातल्या पाणीटंचाईवर आला.

अभ्यासाच्या बाजूने दोन्ही पारडी जवळपास सारखी वाटतात. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यातले विषय घेतले तर राज्यघटना, आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास, पंचायत राज हे सगळं पदवीबरोबरच होत जातं. कॉलेजात मला राज्यशास्त्राचे एक सर होते. घटनादुरुस्त्या ते अशा शिकवायचे की मुख्य परीक्षेपर्यंत तो भाग मला पुन्हा पाठ करावा लागला नाही. असा माणूस मुक्तमध्ये भेटत नाही. तिथे पुस्तक हाच शिक्षक. पण ती पुस्तकं एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात, त्यामुळे वाचताना अडायला होत नाही. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे बाजूला ठेवून इतिहासासाठी मी तीच वाचली.

मग मी कॉलेज सोडलं कशामुळे? हजेरीमुळे.

आमच्याकडे सिनियर कॉलेज सकाळचं. पहिला तास साडेसातला आणि गावातून एसटी पावणेसातला. ग्राउंडची, म्हणजे शारीरिक चाचणीच्या सरावाची, खरी वेळ साडेपाच ते साडेसात. म्हणजे वॉर्मअप होऊन 800 मीटरचा पहिला राउंड संपतो न संपतो, तोच बूट बदलून स्टँडवर पळायचं. गोळा संध्याकाळी फेकता येतो, पुलअप्स घरी निघतात, रनिंगला मात्र पहाटच हवी. संध्याकाळी मी शेतात असायचो. त्या वर्षी माझं 800 मीटरचं टायमिंग दोन मिनिटं पन्नास सेकंदांवरून हललंच नाही आणि मला अडीचच्या आत यायचं होतं.

मग मी आठवड्यातले दोन दिवस पहिले तास बुडवायला लागलो. दुसऱ्या सत्रात 75 टक्के हजेरी भरली नाही, गैरहजरांच्या यादीत नाव लागलं आणि वडिलांना हमीपत्रावर सही करायला बोलावलं. डाळिंबाची छाटणी चालू होती. मजुरांना तसंच सोडून वडील आले आणि ऑफिसच्या खिडकीपाशी दीड तास उभे राहिले. आतून कोणी बसा म्हटलं नाही. "मुलगा कुठे असतो सकाळी?" असं विचारल्यावर त्यांनी "पळायला जातो" असं खरं सांगितलं, तर आतली माणसं एकमेकांकडे बघून हसली. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण परतीच्या एसटीत वडील माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मोडनिंबचा स्टँड येईपर्यंत माझं ठरलं होतं.

मुक्तमध्ये अभ्यासकेंद्रावरचे तास सुट्टीच्या दिवशी असायचे. पहाटे दोन तास ग्राउंड, मग आंघोळ, दहाला अभ्यासिका. आठ महिन्यांत मी 2 मिनिटं 31 सेकंदांवर आलो. शारीरिक चाचणी आता केवळ पात्रतेपुरती आहे, तेव्हा टायमिंगला कशाला एवढं महत्त्व, असं काही जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. लेखी निघूनही ग्राउंडवर बाद झालेली मुलं मी पाहिलीत. शिवाय निवडीनंतर नाशिकच्या पोलीस अकादमीत पहाट ग्राउंडवरच उजाडते. तिथे कच्च्या पायांनी आलेल्यांचे पहिले काही महिने फार त्रासात जातात.

मुक्तची दुसरी जमेची बाजू घरची परिस्थिती बेताची असणाऱ्यांनी नीट पाहावी. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. भरती निघाली तर द्या, लागलात तर वर्दी घाला, पगार सुरू करा आणि पदवी मागून पूर्ण करा. खात्यांतर्गत पीएसआय परीक्षा निघते तेव्हा पदवीधर शिपायाला ती बारावीवाल्यापेक्षा कमी सेवेवर देता येते. रेग्युलर कॉलेजला नाव असेल तर प्रशिक्षणाला जाताना पदवी अर्ध्यावर सुटते. माझ्या बॅचचे दोघे या वाटेने आले.

एक गोष्ट दोन्हीकडे सांभाळा. शेवटच्या वर्षाला असताना पूर्व परीक्षा देता येते, पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हातात हवी. एका विषयाची एटीकेटी राहिली म्हणून पूर्व निघूनही घरी बसलेला मुलगा माझ्या खोलीवर होता. आणि नवीन शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष ऑनर्सचं असतं. या परीक्षेला तीन वर्षांची पदवी पुरते.

आता कॉलेजच्या बाजूने बोलतो. एनसीसी करायची असेल तर रेग्युलरच घ्या. ड्रिल, कॅम्प आणि 'सी' प्रमाणपत्र मुक्तमधून मिळत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरणाऱ्यांनाही तेच सांगेन. आणि सकाळी उठवायला कोणीतरी लागतं, हे ज्याला स्वतःबद्दल माहीत आहे त्याने मुक्तच्या वाटेला जाऊ नये. दोन वर्षं अभ्यासिकेची फी भरून एकही पेपर न दिलेली मुलं तिथे होती. त्यांना वाईट कोणी म्हणू नये, पण त्यांना घंटेची गरज होती.

मुलींचं गणित मला वेगळं वाटतं. माझ्या धाकट्या बहिणीलाही वर्दी हवी होती, आणि माझा अनुभव ऐकून घरच्यांनी तिच्यासाठीही मुक्तचा फॉर्म आणला. मी तो परत पाठवला. मुलगा घरी राहून अभ्यास करतो तेव्हा घर त्याला पाणी आणून देतं. मुलगी घरी असली की तिच्या हातात लाटणं येतं, आणि दुसऱ्या वर्षी पाहुणे यायला लागतात. कॉलेजला जाते म्हटलं की निदान तीन वर्षं कोणी विषय काढत नाही. ती पावणेसातच्या त्याच एसटीने जायची. रनिंग मात्र तास संपल्यावर कॉलेजच्याच मैदानावर करायची, एनसीसीच्या मुलींबरोबर, भर उन्हात.