सीजेआर आठ महिने वाचल्यावर: कल कुठे दिसतो आणि भरवसा कितपत ठेवावा

कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यू, म्हणजे सीजेआर, हे पत्रकारितेचीच चिकित्सा करणारं अमेरिकी नियतकालिक गेले आठ महिने मी नेमाने वाचतोय. सुरुवात एकाच शंकेने केली होती, बाकी मीडियाच्या चुका काढणारे हे लोक स्वतः कुठल्या बाजूचे आहेत? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या जर्नालिझम स्कूलमधून १९६१ पासून निघतंय, त्यामुळे नावाला वजन आहे, पण वजन आहे म्हणून मान डोलवायची नाही असं ठरवूनच बसलो होतो.

तर सरळ सांगतो, कल थोडा डावीकडेच आहे. पण तो आकड्यांत किंवा नावांत सापडत नाही, विषय निवडताना दिसतो. २०१९ मध्ये यांनी द नेशन या उघड डाव्या मासिकाबरोबर कव्हरिंग क्लायमेट नाऊ सुरू केलं, माध्यमांनी हवामान बदलाच्या बातम्या जास्त द्याव्यात यासाठीची मोहीम. हवामान बदल खरा आहे, त्यावर माझा वाद नाहीच, पण परीक्षकच मोहिमेत उतरला तर त्या विषयावरच्या बातम्यांची झाडाझडती कोण घेणार? हे मला आजही खटकतं.

आणि मग जेफ गर्थची २०२३ च्या जानेवारीतली ट्रम्प-रशिया प्रकरणावरची (२०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत ट्रम्प आणि रशियाचं साटंलोटं होतं का, हा वाद) चार भागांची मालिका वाचली, जवळपास २४ हजार शब्द, आणि त्यात न्यूयॉर्क टाइम्ससकट मोठ्या पेपरांना चांगलंच धारेवर धरलंय, गर्थ स्वतः टाइम्समध्ये अनेक वर्षं होता हे लक्षात घ्या. डाव्या बाजूचे लोक भडकले, मदर जोन्स या डाव्या मासिकाच्या डेव्हिड कॉर्नने विरोधात लिहिलं की रशियाने खरोखर जी ढवळाढवळ केली तिला यात महत्त्वच दिलं नाही. मी दोन्ही वाचलं, कॉर्नचा मुद्दा मला बराचसा पटला, पण आपल्याच वाचकांना झोंबेल असं इतकं लांबलचक छापायला धमक लागते आणि ती यांनी दाखवली.

विश्वासार्हतेचं म्हणाल तर मला पटवलं ते कामाच्या पद्धतीने. रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाची २०१४ ची व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बलात्काराची बातमी तपासात टिकली नाही, तेव्हा जर्नालिझम स्कूलने केलेला तपास यांनी २०१५ मध्ये छापला. आरोप करणाऱ्या तरुणीच्या ज्या तीन मित्रांच्या तोंडी वाक्यं घातली होती त्यांना कुणी साधा फोनही केला नव्हता, संपादकांनी नावं बदलून तसंच छापलं. चूक नेमक्या कुठल्या पायरीवर झाली ते बोट ठेवून दाखवलंय.

मार्च २०२५ ची एआय सर्चची चाचणीही तशीच. २० प्रकाशक, प्रत्येकाचे १० लेख, ८ टूल्स, म्हणजे १६०० प्रश्न. उतारा द्यायचा आणि विचारायचं की मथळा, प्रकाशक, तारीख, लिंक सांग. उतारेही असे निवडलेले की साध्या गूगलवर टाकले तर मूळ लेख पहिल्या तीनात येतो. तरी ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकली. पद्धत इतकी उघडी मांडलीय की दोन-तीन उतारे मी स्वतः टाकून बघितले, लिंक खरंच भलतीकडेच जात होती.

आता सवय अशी लागलीय की सीजेआरने एखाद्या बातमीवर टीका केली की आधी ती मूळ बातमी पूर्ण वाचतो, मग टीका. आणि मतप्रदर्शनाचे लेख असतील तर आकडे घेतो, विशेषणं सोडून देतो.