हायब्रिड गाडीची जुनी बॅटरी: पुन्हा निकेल, की लिथियम?

टोयोटाची प्रियस भारतात २०१० मध्ये आली आणि कॅम्री हायब्रिड २०१३ मध्ये. या दोन्हींच्या सुरुवातीच्या गाड्यांनी आता दहा वर्षे केव्हाच ओलांडली आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढे कधी ना कधी डॅशबोर्डवरचा इशारा दिवा आणि स्कॅनरवरचा ‘पी०ए८०’ हा हायब्रिड बॅटरी थकल्याचा कोड येतो. हा कोड दिसताच गॅरेजवाले बॅटरी बदलण्याचा सल्ला देतात आणि अलीकडे त्यासोबत मूळ निकेल बॅटरीऐवजी लिथियमचा पर्यायही सुचवतात. निर्णय घेण्यापूर्वी बॅटरीचा पंखा आणि बसबार, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या, तपासून घ्यावेत. ही बॅटरी गाडीच्या आतली हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढून थंड होते. ती जाळी आणि पंखा धुळीने, कापडाच्या तंतूंनी बुजले की चांगले सेलही तापून लवकर थकतात. मुंबईच्या दमट, खारट हवेत तांब्याच्या बसबारवर हिरवट थर चढतो आणि त्यामुळे बॅटरीतल्या एखाद्या ब्लॉकचे (सेलच्या गटाचे) व्होल्टेज चुकीचे दिसू शकते. थोडक्या सफाईने दिवा विझला तर पुढचा सगळा खर्च काही काळ लांबणीवर पडतो.

बॅटरी खरोखरच थकली असेल तर तीन वाटा उरतात: नवा मूळ निकेल पॅक, जुन्यातलेच काही मॉड्यूल (सेलचे बंद संच) बदलून केलेली दुरुस्ती आणि लिथियम सेलचा पर्यायी पॅक.

मॉड्यूल बदलण्याची वाट सर्वांत स्वस्त असते आणि माझ्या मते सर्वांत फसवीही. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल एकामागे एक जोडून २०१.६ व्होल्ट होतात. त्या काळच्या कॅम्रीत असेच ३४ मॉड्यूल असून बेरीज २४४.८ व्होल्ट येते. साखळीतला एक मॉड्यूल पडला म्हणजे उरलेलेही त्याच वयाचे, त्याच उन्हात तापलेले आहेत, हे विसरून चालत नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेले दोन मॉड्यूल घातले, तरी त्यांची क्षमता शेजाऱ्यांशी जुळतेच असे नाही, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात तोच दोष उगवतो. गाडी लवकरच विकायची असेल तर हे पुरेल, मात्र विकत घेणाऱ्याला ते सांगायला हवे.

खरी तुलना नव्या निकेल पॅकची आणि लिथियमची आहे. निकेल-मेटल हायड्राइड जुने तंत्र आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सादर झालेल्या टोयोटाच्याच इनोव्हा हायक्रॉसमध्येही तेच आहे, तर त्याच वर्षीच्या हायरायडरमध्ये लिथियम आहे. म्हणजे निर्माता स्वतःच गाडीनुसार निवड करतो. निकेलच्या बाजूने एक मोठा गुण असा की, थोडा जास्त चार्ज झाला तरी सेल तो उष्णतेच्या रूपात पचवतो, आणि गाडीचा संगणक याच स्वभावाला धरून बनवलेला आहे. त्याचा इलेक्ट्रोलाइट पाण्यातला असल्याने तो पेट घेत नाही.

लिथियमच्या पर्यायी पॅकमध्ये सहसा लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात. एका किलोमागे निकेलपेक्षा जास्त ऊर्जा, कमी वजन आणि अनेकपट चार्ज-डिस्चार्ज चक्रे हे त्याचे फायदे खरे आहेत, आणि लिथियमच्या इतर रसायनांच्या तुलनेत ते उष्णतेला बरेच टिकते. अडचण जुळणीत आहे. प्रियसचा संगणक दोन-दोन मॉड्यूलच्या ब्लॉकचे, म्हणजे १४.४ व्होल्टचे, मोजमाप घेत असतो. ३.२ व्होल्टचे चार लिथियम सेल जोडले तर १२.८ होतात आणि पाच जोडले तर १६. प्रत्यक्ष चार्ज असताना निकेलचा ब्लॉक १४.४ च्या वर राहतो, म्हणून पाच सेल अधिक जवळ जातात, तरी दोन्ही रसायनांचा व्होल्टेजचा आलेख एकसारखा नसतोच. लिथियम आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज मधल्या बऱ्याच टप्प्यात जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे व्होल्टेजचाही आधार घेणाऱ्या संगणकाचा अंदाज चुकतो आणि पडद्यावरचा चार्जचा आकडा अचानक उडी मारतो. शिवाय ३.६५ व्होल्टच्या पुढे गेलेला लिथियम सेल जादा चार्ज निकेलसारखा निमूटपणे सहन करत नाही. म्हणून प्रत्येक सेलचे व्होल्टेज समतोल ठेवणारी स्वतंत्र सर्किट व्यवस्था पॅकमध्ये असलीच पाहिजे. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे सेल आणून जोडलेला पॅक या कारणासाठी मी कोणालाही सुचवणार नाही, तो कितीही नीटनेटका दिसो.

मायलेज वाढण्याची अपेक्षा दोन्हींकडून माफकच ठेवावी. बॅटरी मोठी झाली म्हणून संगणक ती अधिक वापरत नाही. त्याने ठरवलेल्या चार्जच्या मधल्या पट्ट्यातच तो खेळतो. नव्या पॅकनंतर जे सुधारते ते थकलेल्या पॅकच्या तुलनेत. पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या सरकत्या रांगांत गाडी पुन्हा विजेवर रेंगाळू लागते, एवढा फरक मात्र लगेच जाणवतो.

कागदोपत्री बाजू लिथियमसाठी कठीण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. आपला बदल त्यात मोडतो का, हे आरटीओला लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही आधीच कळवावे. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेजवळ गाडीत पाणी शिरले आणि दाव्याची वेळ आली, तर तपासनीस मागच्या सीटमागचा पॅक उघडून पाहणारच. काढलेली बॅटरी भंगारात न देता, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अधिकृत संकलनाकडे जाते याची खात्री करून पावती घ्यावी.

माझा कल असा आहे. २०१३ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ मध्ये संपते, त्यानंतर पाच वर्षांचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. हा पल्लाही गाठायचा असेल तर वॉरंटीसह नवा निकेल पॅकच घ्यावा, कारण त्यासाठी गाडीला काहीही नवे शिकवावे लागत नाही. लिथियमकडे तेव्हाच वळावे, जेव्हा नवा निकेल पॅक मिळतच नाही किंवा त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर जाते, आणि बसवणारा सेलनिहाय मोजमाप दाखवून, वॉरंटी लेखी देऊन, पुढच्या पावसाळ्यानंतरही त्याच दुकानात भेटण्याइतका जुना आहे.