जुन्या घराचे नवे अंतरंग : एका सजावट-सेवेचा अनुभव

जाड भिंती, लाकडी तुळया आणि चुन्याचा गिलावा असलेल्या आमच्या जुन्या घराची अंतर्गत सजावट ज्या संस्थेकडे सोपवली होती, तिच्या कामाबद्दल माझे मत बरेचसे अनुकूल आहे, पूर्णपणे नाही. जमेची मोठी बाजू भिंतींची. आधीच्या दुरुस्तीत थापलेले सिमेंट त्यांनी खरवडून काढले आणि पुन्हा चुनाच वापरला, कारण चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते, तर सिमेंट ती आत कोंडते आणि मग रंगाचे पोपडे सुटतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, त्यामुळे वाट पाहण्यात बरेच आठवडे गेले, पण त्यांनी घाई केली नाही हे मला आवडले.

दाराची चौकट खाली कुजली होती. तेवढाच वीतभर भाग कापून नवे लाकूड सांधले आणि सांधा मुद्दाम दिसू दिला. नवी भर मूळ भागाहून वेगळी ओळखू यावी, हे १९६४च्या व्हेनिस सनदेतील (जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजातील) तत्त्व स्मारकांसाठी असले, तरी घरातही ते शोभते. स्वयंपाकघर मात्र सरळ रेषांचे, बिनमुठीच्या कपाटांचे आहे.

खटकले ते दिवे. ४००० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या एलईडी प्रकाशात लाकडाचा तांबूसपणा मावळला आणि २७०० केल्विनचे पिवळसर दिवे बसवून घेण्यासाठी तीनदा आठवण करावी लागली. शिवाय तुळयांना फासलेले ते चकचकीत पॉलिश! ते उतरवून जवसाचे तेल चोळण्याचे काम अखेर आम्हीच केले.