गिनीपिग खूप आजारी आहे: घरी करायचं, ऍडमिट करायचं, की निरोप द्यायचा?

गिनीपिगनं खाणं सोडलं की आपल्या हातात फार वेळ नसतो, हे सगळ्यात आधी सांगते. कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर आपण म्हणतो बघू उद्या, पण ह्या बारक्या जिवाचं पोट दिवसरात्र चालू राहायला बनलंय, वरून गवत जात राहिलं तरच आतलं पुढे सरकतं, आणि 12 तासांच्या वर काही गेलं नाही की आतडी मंदावतात, गॅस धरतो, गॅसनं दुखतं, दुखतं म्हणून आणखी खात नाही, असं गाडं फिरत राहतं. एक दिवस उलटला की मग चरबी लिव्हरमध्ये साचायची भीती, गुबगुबीत असेल तर जास्तच. त्यामुळे खालची तुलना सावकाश विचार करणाऱ्यांसाठी नाहीये, पिंजऱ्याशेजारी फोन हातात घेऊन बसलेल्या माणसासाठी आहे.

माझ्याकडे दोघी होत्या, ढमी आणि चिंगी. ढमीच्या दाढा बिघडल्या, तिचं बरचसं घरीच केलं आणि ती बरी झाली. चिंगीला मूतखडा झाला, तिला ऍडमिट केलं, आणि शेवटी तिला निरोपही दिला, म्हणजे त्रास थांबवायला डॉक्टरांकडून इंजेक्शननं मरण दिलं. म्हणजे तिन्ही रस्ते पायाखालून गेलेत, त्यातून काय कळलं ते लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट, खात नाही हा आजार नव्हे, ते फक्त आजाराचं तोंड आहे. ह्यांचे पुढचे दात आणि दाढा दोन्ही जन्मभर वाढतात, कधीकधी खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान करतात आणि जीभ अडकते, मग बिचारं खायला धावत येतं, तोंडात घेतं आणि टाकून देतं. लघवीला बसताना किंचाळत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर खडा किंवा इन्फेक्शन. नाक वाहतंय, श्वासाला खरखर आहे तर छाती. सांधे दुखून हलत नाही तर व्हिटॅमिन सी कमी पडलं असेल, कारण माणसासारखंच ह्यांच्या शरीरात ते तयार होत नाही. माद्यांमध्ये अंडाशयाच्या गाठीही बऱ्याच दिसतात. आता ह्यातलं काय आहे हे न कळताच घरी की दवाखाना असं ठरवत बसलात तर ते अंधारात दगड मारणं आहे, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवणं सगळ्या रस्त्यांत आहेच, फरक त्याच्यापुढे सुरू होतो.

आणि काही वेळा तर निवड करायचीच नसते. पोट ढोलासारखं टणक फुगलंय, तोंड उघडून श्वास घेतोय (हे नाकानंच श्वास घेणारे प्राणी, तोंड उघडलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय), लघवी अजिबात होत नाही, अंग गार लागतंय, झटके येतायत, ह्यातलं एकही दिसलं तर वाचणं इथेच थांबवा आणि निघा.

आता घरी करायचं म्हणजे काय ते जवळून दाखवते. किचनचा डिजिटल काटा, त्यावर प्लॅस्टिकचा डबा, डबा ठेवून शून्य करायचं, मग त्यात गिनीपिग. रोज एकाच वेळी. ढमी एरवी 840 ग्रॅमची, आजारपणाच्या चौथ्या दिवशी 752 वर आली होती, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त उतरली, आणि डोळ्यांना मात्र ती तशीच दिसत होती, कारण अंगावरचे केस सगळं लपवतात. पंचवीस तीस ग्रॅम इकडेतिकडे रोजच होतं, त्यानं घाबरायचं नाही, सलग तीन दिवस खालीच चाललंय तर मात्र घाबरायचं.

मग भरवणं. क्रिटिकल केअर नावाची, आजारी गवतखाऊ प्राण्यांना भरवायची पावडर मिळते ती पाण्यात कालवून, नाहीतर त्यांचेच पेलेट (गवताच्या खाद्याच्या गोळ्या) भिजवून कुस्करून लगदा करायचा. दिवसभरात वजनाच्या किलोमागे साधारण 50 ते 80 मिली, म्हणजे 800 ग्रॅमच्या जिवाला 40 ते 64 मिली, नेमका आकडा डॉक्टर देतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सिरिंज 1 मिलीची, एकदम सगळी रिकामी करायची नाही, अर्धा अर्धा मिली, पुढच्या दातांमागे बाजूला जी मोकळी जागा असते तिथून आत, मग ती चावतेय का बघायचं, गिळलं की पुढचं. टॉवेलात गुंडाळलेली, चारी पायांवर बसलेली, उताणी कधीच करायची नाही, लगदा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. दर तीन चार तासांनी हे सगळं, एका वेळी वीस मिनिटं ते पाऊण तास. पहिल्या रात्री ढमीनं माझ्या टीशर्टवर हिरवा लगदा असा उडवला की तो डाग अजून गेलेला नाहीये. तिसऱ्या रात्री मी बसल्या जागी झोपले आणि सिरिंज हातात तशीच. हे लिहितेय कारण "घरी प्रेमानं सांभाळू" म्हणणाऱ्यांना प्रेमाचा प्रश्नच नसतो, प्रश्न पहाटे चारच्या अलार्मचा असतो. घरात हे करणारे दोघं असतील तर पाच सहा दिवस निघतात, एकटं माणूस तिसऱ्या दिवशी मोडतं.

बाकी घरचं काम तसं सोपं, मागची बाजू कोमट पाण्यानं पुसून कोरडी ठेवणं, मऊ अंथरूण रोज बदलणं, लेंड्या मोजणं (हो, मोजायच्या, लहान आणि सुकलेल्या व्हायला लागल्या की आत कमी जातंय), आणि ऊब. नॉर्मल तापमान साधारण 37.2 ते 39.5 डिग्री सेल्सिअस, आजारी असला की खाली घसरतं, म्हणून कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात, अर्धा पिंजरा थंड राहू द्यायचा म्हणजे नको झालं की सरकता येतं. व्हिटॅमिन सी एरवी किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, आजारपणात 30 ते 50 पर्यंत देतात, ते तोंडातूनच द्या, पाण्याच्या बाटलीत टाकलेलं काही तासांत वाया जातं आणि चव बदलली म्हणून पाणी पिणंही कमी होतं.

घरचा मोठा फायदा म्हणजे जोडीदार. आपला वास, आपली जागा, शेजारी दुसरीची कुरकुर. चिंगी शेजारी बसून गवत खायला लागली की ढमी पण एक काडी तोंडात धरायची, खायची नाही, पण धरायची, आणि दोन दिवसांनी तीच काडी आत जायला लागली.

घरची मोठी चूक कोणती, तर पेनकिलरशिवाय भरवत राहणं. दाढ टोचतेय, खडा रुततोय, आणि आपण वरून लगदा ढकलतोय. मेलॉक्सिकॅम किंवा जास्त दुखत असेल तर ब्युप्रेनॉर्फिन, हे डॉक्टर देतात, डोस तेच ठरवतात, आपल्या घरातली माणसांची गोळी तोडून द्यायची नाही. दुसरी चूक, पोट टणक फुगलेलं असताना भरवणं, आत अडकलेलं असेल तर भरवणं म्हणजे फुग्यात हवाच.

आता ऍडमिट. दवाखान्यात जे मिळतं ते घरी मिळूच शकत नाही, ऑक्सिजन, सलाईन, एक्सरे, जोरदार पेनकिलर, दाढा घासायची सोय. श्वासाचा त्रास किंवा पोटफुगी असेल तर ह्याला पर्यायच नाही. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तरी एक दिवसाचं ऍडमिशन घरच्या तीन दिवसांपेक्षा जास्त काम करतं, कारण एकदा पाणी भरलं की भूकही जरा परत येते. आणि आपली झोप होते, हे म्हणायला लाज वाटते पण खरंय.

पण. शेजारच्या पिंजऱ्यात भुंकणारा कुत्रा, डोक्यावर लख्ख दिवे, अनोळखी हात. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी, भीतीनंच त्याचं पोट बंद पडतं. चिंगीला पहिल्यांदा ठेवलं त्या रात्री तिथे कोणी नव्हतंच, कुलूप लावून सगळे घरी गेलेले, आणि मला हे सकाळी कळलं. म्हणजे जी गोष्ट मी घरी केली असती तीसुद्धा तिथे झाली नाही. म्हणून सही करण्याआधी सरळ विचारा, रात्री इथे कोण असतं, किती वाजता भरवणार, कुत्र्यामांजरांपासून वेगळी खोली आहे का, जोडीदाराला सोबत ठेवू देता का, आणि गिनीपिगच्या किती केसेस बघता. शेवटच्या प्रश्नाला कोणी चिडलं तर ते पण उत्तरच आहे.

हा प्रश्न का, तर औषधांमुळे. कुत्र्यामांजरांना सर्रास दिली जाणारी काही अँटिबायोटिक्स ह्यांना जीवघेणी ठरतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, ऍम्पिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडातून दिलं की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू वाढतो, त्याचं विष तयार होतं आणि काही दिवसांत खेळ खलास. ढमीला पहिल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनच लिहून दिलं होतं, दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघून कपाळाला हात लावला, आणि नशिबानं तोवर एकही डोस गेला नव्हता. ह्यांना सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात. नाव वाचूनच औषध सुरू करा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

ऑपरेशनचं वेगळं बोलायला हवं. ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये छापून आला, त्यात भुलीशी जोडलेल्या मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांमध्ये साधारण 0.17 टक्के, मांजरांमध्ये 0.24 आणि गिनीपिगमध्ये 3.8 टक्के निघालं. साधारण सव्वीसात एक. घाबरवायला नाही सांगत, चिंगीचा खडा काढायला मीच हो म्हटलं होतं, कारण मूत्राशयात अडकलेला खडा औषधानं विरघळत नाही आणि तसंच ठेवणं म्हणजे रोजचं किंचाळणं. पण तब्येत टिकलेली असताना घेतलेली भूल आणि दहा दिवस झिजल्यावर घेतलेली भूल ह्यात जमीन अस्मानाचा फरक पडतो, म्हणून ऑपरेशन करायचंच असेल तर "बघू, घरी जरा सुधारतेय का" ह्यात आठवडा घालवू नका. आणि एक, त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर कान टवकारा, गिनीपिग उलटी करूच शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखा लांब उपास त्याच्या उपयोगाचा नाही, उलट पोट बंद पडतं.

मग माझं मत काय विचाराल तर एक निवडायचा हट्टच सोडा. पहिले एक दोन दिवस दवाखाना, निदान, पाणी, पेनकिलर सुरू, आणि शरीर स्थिर झालं की घर, तिथे सिरिंज आणि काटा. रात्री माणूस नसलेला दवाखाना असेल तर दिवसा तिथे आणि रात्री घरी, असंही बरेच डॉक्टर करू देतात. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे निदानाशिवाय घरी वाट बघणं, तो स्वस्त वाटतो म्हणून सगळे तोच करतात, मी पण केलाय. पैशाची अडचण असेल तर ती पहिल्याच भेटीत मोकळेपणानं सांगा, मग डॉक्टर दहा टेस्टऐवजी जी एक टेस्ट निर्णय बदलेल ती करतात.

राहिला निरोप. तो हरल्यावरचा रस्ता आहे असं मला आधी वाटायचं, म्हणून चिंगीच्या वेळी मी चार दिवस उशीर केला. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी खडा परत आला, मग किडन्यांनी मान टाकली. पेनकिलर पूर्ण चालू असूनही अंगावरचे केस फुलवून, पाठ कमानीसारखी करून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसायची, दात कराकरा वाजवायची. भरवलेलं गिळायची पण स्वतःहून एक पान उचलत नव्हती, आवडतं पान नाकासमोर धरलं तरी मान फिरवायची. मी रोज रात्री कागदावर लिहायला लागले, आज चांगला दिवस की वाईट, आणि सलग पाच वाईट लिहून झाल्यावर सहाव्या दिवशी फोन केला. पहिल्या दोन दिवसांतच करायला हवा होता.

हे काम डॉक्टरांकडूनच होतं, घरी काहीही प्रयोग नाहीत. आधी गॅसनं किंवा इंजेक्शननं पूर्ण बेशुद्ध करायचं आणि मगच शेवटचं इंजेक्शन, एवढं आधी विचारून घ्या, कारण ह्यांच्या शिरा इतक्या बारीक की जागेपणी सुई शोधत बसणं म्हणजे छळ. तुम्हाला तिथे थांबायचंय का तेही आधीच ठरवा. मी बेशुद्ध होईपर्यंत हातात घेऊन होते, नंतर बाहेर आले.

शक्य असेल तर जोडीदाराला शेवटचं बघू द्या. चिंगीला टॉवेलात घरी आणून पिंजऱ्यात ठेवलं तर ढमीनं आधी नाक हुंगलं, मग कान, मग एक फेरी मारली, नाकानं एकदा ढोसलं. दहा एक मिनिटांनी गवताकडे गेली. त्या संध्याकाळी मी तिचंही वजन केलं, 836, आणि पुढचे आठ दिवस रोज करत राहिले, कारण एकटी पडलेली गिनीपिग पण खाणं सोडते.