स्वस्त मिडकॅप शेअरांचे म्युच्युअल फंड: गोव्यातून घेताना

बाजारमूल्यात १०१ ते २५० क्रमांकावरच्या कंपन्या म्हणजे मिडकॅप. बाजार नियामक सेबीच्या नियमाने मिडकॅप फंडाला किमान ६५ टक्के पैसा त्यांतच ठेवावा लागतो. फंड स्वस्तात मिळणारे शेअर घेतो, हा ‘व्हॅल्यू’चा दावा मात्र स्वतः पडताळावा. महिन्याची फॅक्टशीट (फंडाचे माहितीपत्रक) उघडा आणि फंडाचा पीई (नफ्याच्या किती पट किंमत), पीबी (पुस्तकी मूल्याच्या किती पट किंमत) निफ्टी मिडकॅप १५० या निर्देशांकाशेजारी मांडा. आकडे निर्देशांकाहून चढे असतील तर ‘व्हॅल्यू’ फक्त जाहिरातीत. निव्वळ कमी पीईलाही भुलू नका: प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) गहाण टाकलेले शेअर, वाढते कर्ज किंवा तेजीच्या शिखरावरचा पोलादाचा नफा, यांनीही शेअर स्वस्त दिसतो नि वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतो.

फंडात फार पैसा जमला की त्याला शेअर विकणे अवघड. स्ट्रेस टेस्ट या तपासणीत फंडाचे ५० टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील ते दर महिन्याला छापतात. तो आकडा वाढत असेल तर नवी एसआयपी (दरमहा ठराविक गुंतवणूक) थांबवलेली बरी.

पणजी-मडगावच्या बँकेत काउंटरवर बहुधा रेग्युलर, म्हणजे कमिशनवाला प्लॅनच पुढे सरकवतात. फंड कंपनीकडून थेट घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये कमिशन नाही, खर्च कमी.

आणि खास गोंयकारांसाठी: इथल्या नागरी कायद्याखाली मालमत्ता सामायिक असलेल्या जोडप्याचा भांडवली नफा (विक्रीतला नफा) आयकर कायद्यानुसार नवरा-बायकोत निम्मा-निम्मा धरतात. वर्षानंतर विकल्यास दोघांना प्रत्येकी सव्वा लाखापर्यंत सूट, वर १२.५ टक्के कर. रिटर्नमध्ये या वाटणीचा तक्ता, शेड्यूल ५ए, भरताना जोडीदाराचा पॅन लागतो. गोव्याबाहेरचे सीए हे विसरू शकतात.

सात वर्षांच्या आत पैसे लागणार असतील तर घेऊ नका.