ते वासरू तिचं नव्हतंच: गाय घेताना माझे ८६,१०० रुपये कसे गेले

लिहावं की नाही यात आठ महिने गेले. भावकीत कुणाला जनावर घ्यायचं असलं की मला सोबत नेतात, 'याला जनावरातलं कळतं' म्हणून. त्यामुळे तोंड उघडायचीच लाज वाटत होती. पण मागच्या पंधरवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोरानं अगदी तशीच गाय आणली, तशीच वासरासकट, आणि आता तोही डोक्याला हात लावून बसलाय. म्हणून लिहितोय.

मोहोळ तालुक्यात आमचं अडीच एकर. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरलं तर नशीब. घर चालतं ते गोठ्यावर. २०२२ च्या लम्पीत दावणीची चांगली गाय डोळ्यांदेखत गेली. सरकारची ३०,००० भरपाई मिळाली, ती हात न लावता बँकेत ठेवली होती, कारण गाईचे पैसे गाईतच घालायचे असं ठरवलं होतं. २०२४ च्या बकरी ईदला उस्मानाबादी शेळ्यांचे तीन बोकड ३३,००० ला गेले. बायकोनं बचत गटातून २०,००० उचलले. असे ८३,००० जमले. हे सगळं सांगतोय कारण लोक सरळ म्हणतात, हावरटपणा केला असेल, स्वस्तात मिळतंय म्हणून पळाला असेल. मी स्वस्त गाय घ्यायला गेलो नव्हतो. बाजारभावानं, बघून, हात लावून घेतली.

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, झाल्यावरचा पहिला बाजार, जुलै २०२४. कुठला बाजार ते लिहीत नाही. माझ्या वडिलांनी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून खिलार खोंडं नुसत्या शब्दावर आणलेली मी पाहिलीत, त्यामुळे सगळ्याच बाजारांना नावं ठेवायची नाहीत. दलाल मेव्हण्याच्या ओळखीतला. त्यानं दाखवलेली गाय काळी-बांडी, होल्स्टीन संकर, 'दुसऱ्या वेताची, व्यायला वीस दिवस झाले, दोन्ही वेळचं अठरा लिटर'. खाली गोऱ्हा. शिंगांना बेंदराचा रंग तसाच होता, लालभडक.

दूध न काढता तुंबवलेली कास मला ओळखता येते. हिची कास तट्ट होती आणि मी तिथंच विचारलं, धार कधी काढली? मालक म्हणाला, रात्रभर टेंपोत होती, एक धार चुकली. मी मनात तेवढं वजा केलं. समोर धार काढून दाखवली, साडेनऊ लिटर भरलं. चुकलेली धार धरूनही बऱ्या दुधाची गाय वाटली. आता कळतंय की एक नाही, निदान दोन धारा ठेवल्या होत्या. गाईच्या मागच्या पुठ्ठ्यावर सुई टोचल्यासारखा एक ठिपकाही होता, त्यावर माशी बसत होती. पान्हा सोडायची, म्हणजे दूध जबरदस्तीनं उतरवायची सुई कुणाला ठाऊक नाही? मीही तो ठिपका पाहिला आणि गोचीड असेल म्हणून सोडून दिला.

पण खरा क्षण तो नव्हता. ज्यासाठी मला अजून रात्री झोप लागत नाही तो वासराचा. गोऱ्हा दाव्याला सारखा हिसके देत होता, आणि हिसके देत होता ते पलीकडच्या रांगेकडं. हंबरत होता तोही तिकडंच तोंड करून. वीस दिवसांची व्यालेली गाय वासरू हंबरलं की दावं तोडायला बघते. ही शांत उभी, रवंथ करत. मान सुद्धा वळवली नाही. मी पाहत होतो! बारा वर्षं गोठा सांभाळतोय मी. मालकाच्या पोरानं गोऱ्ह्याला ओढून तिच्या तोंडापुढं धरलं, तिनं त्याची पाठ चाटली, आणि दलाल म्हणाला, 'बघा दाजी, माया बघा कशी हाय.' मी ती माया बघितली. ती एकाच जागी चाटत होती, पाठीच्या मधोमध, बाकी अंगाला जीभ लावत नव्हती, हे दिसलं. दिसलं आणि कळलं नाही.

भाव रुमालाखाली झाला, म्हणजे फडक्याआड बोटं दाबून. मालकानं ९५,००० सांगितले होते, बोटांवर ७८,५०० ला उतरला. ७०,००० रोख मालकाच्या हातात, ८,५०० दलालाच्या फोनवर, कारण 'मालकाचा फोन साधा आहे'. वर दलाली १,०००, टेंपो २,४००, बाजाराची पावती ५०.

संध्याकाळी गाय उतरवली. बायकोनं भाकरतुकडा ओवाळला, गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात तोंडाशी नेऊन म्हणाली, 'अहो, ह्याच्या पाठीला मीठ लावलंय.' मग त्याला गाईखाली सोडला. गाईनं लाथ घातली. तो पुन्हा गेला, तिनं पुन्हा घातली. 'अहो, हे हिचं नाही.' मी तिच्यावर खेकसलो. नवीन जागा आहे, बुजली असेल, तुला काय कळतंय म्हणालो. त्याबद्दल तिची माफी मागितलीय, इथंही मागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेतीन लिटर, संध्याकाळी तीन. मागचं डावं सड दगडी, म्हणजे कासेच्या रोगानं कडक झालेलं, दोन बोटं पाणी आणि गुठळ्या. बाजारात त्या सडाची धार माझ्यासमोर काढलीच नव्हती, उभा राहायला जागा नाही म्हणून मालकानं मला उजवीकडं उभं केलं होतं. प्रत्येक सडाची पहिली धार वेगळ्या वाटीत, काळ्या फडक्यावर, स्वतः काढा. मालक नको म्हणाला तर दावं सोडा आणि चालू लागा. सडात ट्यूब, इंजेक्शनं, डॉक्टर, दोन आठवड्यांत ४,१५० गेले. सड गेलं ते गेलंच. सगळे मिळून ८६,१००. बचत गटाचा हप्ता सोडून.

पावसात रंग धुपला तेव्हा शिंगं कानशीनं घासलेली दिसली. शिंगावरच्या कड्या मोजून वेतं कळतात, त्या कड्याच उडवल्या होत्या. रंगवलेल्या शिंगांचं जनावर असेल तर आधी ओलं फडकं मागा. सणाचा रंग पुसला म्हणून कुणी रागावला तर रागावू द्या.

आणि कानातला बिल्ला. सरकारी नोंदीचा बारा आकडी पिवळा बिल्ला तिच्या कानात होता. दुधाच्या अनुदानासाठी नाव लावायला दवाखान्यात गेलो तर तिथल्या माणसानं नंबर टाकून वाचून दाखवलं: मालक दुसऱ्याच जिल्ह्यातला, गाय नऊ वर्षांची, सहावं वेत, व्याली त्याला सात महिने. माझ्या हातापायातलं बळ गेलं. हाच नंबर मी बाजारातून दवाखान्यात फोन करून वाचला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. पैसे द्यायच्या आधी नंबर वाचा. नुसता बिल्ला आहे हे बघून उपयोग नाही.

आता ज्यांच्या भरवशावर आपण राहतो त्यांचं ऐका. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंद, असं सरकारनं जाहीर केलं होतं. बाजाराच्या फाटकावर काय बघतात? कानात पिवळं काहीतरी लटकतंय एवढंच. नंबर कुणाच्या नावावर आहे, विकणारा तोच आहे का, कुणी विचारत नाही. बाजाराच्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, पावती जागेची आहे, जनावराची हमी आम्ही देत नाही. मग दलालाला आत येऊ कोण देतं? त्याचं नाव तुमच्या वहीत आहे ना? वही दाखवा म्हणालो तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि मलाच म्हणाले, तुम्ही शेतकरी असून तुम्हाला कळलं नाही?

दवाखान्यात जे वाचून दाखवलं ते लेखी मागितलं. वरून पत्र आणा म्हणाले. वरून म्हणजे कुठून, तर ते पोलिसांनी मागायचं. ठाण्यात गेलो तर म्हणाले, आधी दवाखान्याचं लेखी आणा. या दोन दारांमध्ये माझे सहा दिवस आणि पेट्रोलचे ७४० रुपये गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. हवालदारानं विचारलं, भाव किती ठरला, कुणी ऐकला? रुमालाखाली ठरलेला भाव कोण ऐकणार? सत्तर हजार रोख दिल्याचा पुरावा? मग हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मी म्हणालो, साहेब, दुसऱ्याचं वासरू लावलं, शिंगं घासली, मीठ चोळलं, ही फसवणूक नाही तर काय? त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि सही घेतली. त्या दोन ओळींत वासराचा उल्लेखच नव्हता. सही करताना मी तेही वाचलं नाही. सही करण्याआधी वाचा, आणि नक्कल हातात आल्याशिवाय उठू नका.

पुढं एका वकिलांनी सांगितलं की नव्या न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे, आणि ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येते. पाठवली. पोचपावती आहे. उत्तर नाही.

दलालाचा फोन चार दिवस लागला, पाचव्या दिवसापासून बंद. मेव्हणा म्हणतो माझी नुसती तोंडओळख होती. दलालाच्या फोनवर गेलेले ८,५०० एवढाच माझ्याकडं कागद आहे. सगळी रक्कम बँकेतून गेली असती तर आज हवालदाराला बोलायला जागा राहिली नसती. रोख मागणाऱ्याला इसार म्हणून दोन हजार द्या आणि म्हणा, बाकीचे त्याच्या गोठ्यावर लागोपाठ तीन धारा बघून देतो. तिथं खोटं टिकत नाही. आणि भाव मोठ्यानं बोला, फोनवर चित्रण चालू ठेवून, गाईचा कान आणि मालकाचं तोंड एकत्र दिसेल असं.

तीच गाय पुन्हा शिंगं रंगवून कुणाच्या तरी गळ्यात मारायचा सल्ला मला तिघांनी दिला. त्यातला एक सख्खा चुलता. मी ते करणार नाही. आटली आहे, दावणीला उभी आहे, रोजचा कडबा खाते. तिचा यात काही दोष नाही.

गोऱ्ह्याला बाटलीनं पाजून जगवला. काळा आहे, कपाळावर चांदा, मागच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरा मोजा. बेंदरानंतरच्या त्या बाजारातून जुलै २०२४ मध्ये कुणी वासराशिवाय ताजी व्यालेली गाय घेतली असेल आणि ती घरी येऊन दोन-तीन रात्री हंबरली असेल, तर मला कळवा. तुमची साक्ष मिळाली तर दोन रांगांमध्ये वासराची अदलाबदल झाली एवढं तरी मला ठाण्यात दाखवता येईल.