५ केव्ही डिजिटल मेगर: शटडाऊनच्या कामातील काही महिन्यांच्या वापरानंतर

कोकण किनाऱ्यालगतच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांची पावसाळापूर्व देखभाल करणाऱ्या आमच्या पथकाने गेल्या हिवाळ्यात हाताने फिरवायचा जुना मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारे यंत्र) बाजूला ठेवून ५ केव्हीचा डिजिटल मेगर घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक नियोजित शटडाऊनमध्ये तो वापरला असून, केवळ त्याच्या गार्ड टर्मिनलसाठीदेखील (पृष्ठभागावरील गळतीचा प्रवाह मोजमापातून वगळणारे जोडटोक) तो घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

खाऱ्या वाऱ्यामुळे बुशिंगच्या (टाकीतून वाहक बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) पोर्सेलिनवर क्षारांचा थर बसतो आणि सकाळच्या दमट हवेत त्या थरावरून वाहणारा गळतीचा प्रवाह आतल्या इन्सुलेशनच्या प्रवाहात मिसळून रीडिंग खाली आणतो. एका ट्रान्सफॉर्मरचे एचव्ही (उच्च दाबाचे) वाइंडिंग ते अर्थ रीडिंग असेच जेमतेम ४०० मेगाओहम आले आणि तेल फिल्टर करण्याची चर्चा सुरू झाली. बुशिंग न पुसताच तिन्ही एचव्ही बुशिंगच्या बुडाशी पोर्सेलिनभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती गार्डला जोडली, तेव्हा त्याच वाइंडिंगने २ गिगाओहमहून अधिक दाखवले. दोष पृष्ठभागावर होता. तेलाला हात लावण्याचे कारणच उरले नाही.

दहा मिनिटांची चाचणीही आता विश्वासाने घेता येते, कारण हँडल इतका वेळ एकाच वेगाने फिरवणे कोणालाही अवघड होते. दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या रीडिंगचे गुणोत्तर, म्हणजे पीआय, यंत्र स्वतःच काढते. मात्र २ ही प्रचलित किमान मर्यादा मोटर आणि जनरेटरच्या वाइंडिंगसाठीच्या आयईईई ४३ या मानकातून आली आहे, त्यामुळे तेल भरलेल्या ट्रान्सफॉर्मरला तिच्या आधारे नापास करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे तापमान नोंदवून मागील वर्षांच्या रीडिंगशी तुलना करणे अधिक उपयोगी पडते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो, म्हणून तापमान न लिहिलेले जुने रीडिंग तुलनेला घेता येत नाही.

गैरसोयीही आहेत. शेजारचा बे (उपकेंद्रातील एका लाइनचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा विभाग) चालू असेल तर इंड्यूस्ड व्होल्टेजमुळे आकडा हेलकावतो. फिल्टर लावल्यावर तो स्थिरावतो, पण वेळ जातो. भर उन्हात स्क्रीन नीट वाचता येत नाही आणि सोबतच्या लीडच्या क्लिप ३३ केव्ही टर्मिनलच्या मानाने लहान आहेत, म्हणून मोठ्या क्लिपच्या लीड वेगळ्या मागवाव्या लागल्या.

चाचणी संपल्यावर यंत्र आपोआप डिस्चार्ज करते आणि उतरते व्होल्टेज दाखवते, परंतु स्क्रीनवरील शून्यावर विसंबून केबलला हात लावू नये. इन्सुलेशनमध्ये शोषलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो आणि लांब एक्सएलपीई (पॉलिथिलीनचे इन्सुलेशन असलेल्या) केबलवर व्होल्टेज पुन्हा चढू शकते. आम्ही चाचणीच्या किमान चौपट वेळ डिस्चार्ज रॉडने अर्थिंग ठेवतो. दहा मिनिटांच्या चाचणीमागे ही चाळीस मिनिटे परमिट (शटडाऊनमध्ये काम करण्याची परवानगी) मागतानाच धरावी लागतात.

१३२ केव्ही उपकरणांसाठी हा मेगर एकटा पुरत नाही, तिथे एसी व्होल्टेजवरील टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधील ऊर्जेचा ऱ्हास मोजणारी) चाचणी आवश्यकच आहे. ११ आणि ३३ केव्हीच्या नियमित देखभालीसाठी मात्र मी तो निःशंकपणे सुचवेन. घेताना मोठ्या क्लिपच्या, किमान १० मीटर लांबीच्या लीड आणि कॅलिब्रेशन प्रमाणपत्र ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे.